वाकडी करंगळी

नातीला शाळेतून घरी आणायचं काम गेल्या सप्टेंबरात माझ्याकडे आलं. लेकीचं घर मिनियापोलिसच्या दक्षिण भागात आहे, तिथून शाळा चालत जाण्याजोगी. पहिल्या दिवशी लवकर पोचलो आणि वेळ घालवायला शाळेची पाटी वाचत उभा राहिलो. जस्टिस पेज मिडल स्कूल. कुणीतरी न्यायमूर्ती असणार, एवढं कळलं. परत येताना नातीला विचारलं, तर ती म्हणाली, "आबा, ते जज होते. त्याच्या आधी फुटबॉल खेळायचे. आणि त्यांची करंगळी अशी आहे." असं म्हणून तिनं डाव्या हाताची करंगळी काटकोनात बाहेर वळवून दाखवायचा प्रयत्न केला. तिची काही तेवढी वळेना.

मी तालुक्याच्या कोर्टात ३४ वर्षं वकिली केली. त्याआधी कॉलेजात असताना कबड्डी खेळलो, डाव्या कोपऱ्यात. मैदानावरचा माणूस न्यायासनावर जाऊन बसला, आणि तोही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात, हे ऐकल्यावर मला स्वस्थ बसवेना. मिनेसोटाचा हिवाळा लांबलचक असतो. खिडकीबाहेर बर्फ आणि मांडीवर लेकीचा जुना लॅपटॉप, अशा अवस्थेत ॲलन पेज यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं, जुन्या सामन्यांच्या चित्रफिती बघितल्या. हा अमेरिकन फुटबॉल, आपला पायानं खेळायचा नव्हे. तो समजायला महिना गेला. जावयानं कागदावर गोल आणि फुल्या काढून समजावला.

जावई म्हणाला, "बाबा, चेंडू हातात घेऊन पळणारे तुम्ही सोडून द्या. त्यांच्यासमोर जमिनीला हात टेकून वाकलेले चार जण बघा." तेव्हा मला खेळ दिसायला लागला. ज्या संघाकडे चेंडू असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. सगळी योजना क्वार्टरबॅक नावाच्या एका माणसाच्या डोक्यातून आणि हातातून निघते. त्याच्याभोवती धिप्पाड गड्यांची भिंत असते. ती भिंत फोडून, चेंडू हातातून सुटायच्या आत त्याला खाली आणायचं, याला सॅक म्हणतात. पेज यांची जागा त्या भिंतीच्या बरोबर मध्यावर समोर, डिफेन्सिव्ह टॅकलची. तिथं बहुतेक वेळा दोघं दोघं अंगावर येतात.

कोपऱ्यात खेळलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. चढाईला आलेल्याचा घोटा कोपरा धरतो. मग मधले धावून येतात, सगळ्यांचा ढीग होतो आणि टाळ्या वाजतात. ढिगाच्या तळाशी घोट्यावर आवळलेला हात कुणाचा होता, ते पंचालाही दिसत नाही. ते त्या चढाई करणाऱ्याला माहीत असतं आणि आपल्याला.

पेज यांचा जन्म ७ ऑगस्ट १९४५चा, ओहायो राज्यातल्या कॅन्टनचा. पोलादाच्या कारखान्यांचं गाव. काळ्या घरातला मुलगा, आई गेली तेव्हा तेरा वर्षांचा. मोठं होऊन भट्टीवर कामाला जायचं नाही, वकील व्हायचं, हे त्यानं लहानपणीच मनाशी धरलं होतं. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. त्या निकालाचा आपल्यावर मोठा परिणाम झाला, असं त्यांनी पुढं अनेकदा सांगितलं आहे. मला हे वाचताना थांबावंसं वाटलं. निकालपत्रं वाचण्यात माझा जन्म गेला, पण एखादं निकालपत्र नऊ वर्षांच्या पोराच्या आयुष्याची दिशा ठरवू शकतं, हे मी कधी लक्षात घेतलं नव्हतं.

कॅन्टनची आणखी एक गंमत आहे. अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलची लीग १९२० साली याच गावात स्थापन झाली, म्हणून थोर खेळाडूंचं स्मारक, प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, तिथंच बांधलं. ते उघडलं १९६३ साली. त्याच वर्षी शाळा संपवलेला ॲलन पेज त्या बांधकामावर मजूर म्हणून राबला होता. पंचवीस वर्षांनी त्याच इमारतीत त्याचा अर्धपुतळा बसला. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्या घडवणाऱ्या पाथरवटाच्या गोष्टी सांगतात. ही तशीच, फक्त घडलेली.

शाळेनंतर तो इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम विद्यापीठात गेला. तिथल्या संघाची तेव्हा दुर्दशा झालेली. १९६३च्या हंगामात फक्त दोन सामने जिंकले होते. पुढच्या वर्षी आरा पार्सिगियन हे प्रशिक्षक आले आणि दहापैकी नऊ सामने जिंकून दिले. पेज १९६४ ते १९६६ अशी तीन वर्षं तिथं बचावात खेळला. १९ नोव्हेंबर १९६६ला मिशिगन स्टेटबरोबर त्यांचा १०-१० असा बरोबरीत सुटलेला सामना आजही लोक वादासाठी उकरून काढतात, कारण शेवटच्या मिनिटांत जिंकायला जाण्याऐवजी प्रशिक्षकांनी बरोबरी राखली. त्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद नोत्र दामला मिळालं. पेज यांनी तिथून पदवी घेतली ती राज्यशास्त्राची. हे मुद्दाम लिहितो, कारण ती पदवी त्यांनी अभ्यास करून मिळवली होती. संघात हवा म्हणून कुणी त्यांच्या हातात ठेवली नव्हती. हे पुढं लागणार आहे.

लीगमधले संघ दर वर्षी कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीनं निवडून घेतात. १९६७च्या निवडीत पंधराव्या क्रमांकावर मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघानं त्यांना घेतलं. त्याच वर्षी बड ग्रँट हे संघाचे प्रशिक्षक झाले होते. तेव्हाचं मैदान ब्लूमिंग्टनमध्ये, उघड्यावर. आज तिथं मॉल ऑफ अमेरिका आहे. आपल्याकडून मुलांकडे आलेल्या प्रत्येक आईवडिलांना एकदा तरी तिथं नेतात, मलाही नेलं. आत लहान मुलांचे पाळणे फिरत असतात, ऊबदार असतं. त्याच जागी डिसेंबरच्या थंडीत हे लोक खेळायचे, आणि ग्रँट मैदानाच्या कडेला शेगडी ठेवू देत नसत, हातमोजे घालू देत नसत. थंडीची सवय आपल्याला आहे, समोरच्याला नाही, हा हिशेब. जानेवारीत या शहरात दहा मिनिटं बाहेर उभं राहिलेल्या माणसालाच त्याचा अर्थ कळेल.

कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि ॲलन पेज. या चौघांच्या फळीला जांभळ्या गणवेशामुळे पर्पल पीपल ईटर्स असं नाव पडलं, म्हणजे जांभळे नरभक्षक. १९६९ साली १४ सामन्यांत मिळून या बचावानं विरोधकांना १३३ गुण दिले, सामन्याला दहासुद्धा नाहीत. पेज त्यांच्यातही वेगळे दिसतात. त्या जागेसाठी त्यांचं वजन कमीच, ११० किलोच्या आसपास. पण चेंडू हलला की त्यांचं पाऊल आधी पडलेलं असतं. चित्रफितीत ८८ नंबरचा सदरा शोधायचा आणि फक्त त्याच्याकडे बघायचं. दोन गडी त्याला अडवायला वळेपर्यंत तो त्यांच्यामधून गेलेला असतो. मी एक तुकडा नऊ-दहा वेळा मागं घेऊन पाहिला. अंगानं हलका असलेला कोपरा जे करतो तेच होतं ते. ताकदीला ताकद लावायची नाही, समोरच्याचा तोल ज्या क्षणी एका पायावर असतो तो क्षण पकडायचा.

१९७१ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं त्यांना संपूर्ण लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरवलं. हा मान बचावातल्या खेळाडूला त्याआधी कधीच मिळाला नव्हता. त्यानंतरही एकदाच मिळाला, १९८६ साली लॉरेन्स टेलरला. इतक्या वर्षांत फक्त दोघं. सगळ्या खेळांत हे असंच आहे, आणि मला ते आजही खुपतं.

त्याहून खुपणारी गोष्ट मोजणीची. सॅक हा आकडा लीगनं अधिकृतपणे नोंदवायला सुरुवात केली १९८२ साली. पेज शेवटचा सामना खेळले १९८१च्या डिसेंबरात. म्हणजे त्यांनी आयुष्यभर जे काम केलं, ते मोजायची वही त्यांनी खेळ सोडल्यावर उघडली. अभ्यासकांनी जुन्या नोंदी आणि चित्रफिती चाळून त्यांच्या सॅकची बेरीज १४८.५ अशी काढली आहे. अर्धा कशाचा, असं मी जावयाला विचारलं. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा अर्धा वाटून देतात. हे फार आवडलं मला. आमच्या ढिगाला असा हिशेब कधी मिळाला नाही.

सुपर बोल म्हणजे तिथला अंतिम सामना. व्हायकिंग्ज पेज यांच्या काळात चार वेळा तिथवर गेले आणि चारही वेळा हरले. १९७०च्या जानेवारीत कॅन्सस सिटीकडून, मग मायामी, पिट्सबर्ग, शेवटी १९७७मध्ये ओकलंडकडून. या शहरातले म्हातारे अजूनही ते चार सामने घरातल्या दुखवट्यासारखे सांगतात. पेज यांच्या मुलाखती वाचल्या तर त्यांना त्याचं फार काही वाटलेलं दिसत नाही. खेळ हे काम होतं, आणि ते संपणार होतं, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

त्यांनी कायद्याच्या शाळेत नाव घातलं ते व्हायकिंग्जकडे आल्यावर थोड्याच काळात. काही आठवड्यांत सोडून दिलं. जमलं नाही. मग खेळ वाढला, नाव झालं, खेळाडूंच्या संघटनेचं काम अंगावर घेतलं. मालकांशी करारावरून वाद चालले होते, त्या बैठकांना बसून कायद्याची गोडी पुन्हा लागली. १९७५ साली, तीस वर्षांचे असताना, त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात परत प्रवेश घेतला. रविवारी सामना, सोमवारी वर्ग. १९७८ साली पदवी मिळाली तेव्हा ते अजून खेळतच होते. एकदा सोडलेला अभ्यास तिशीत पुन्हा धरणं काय असतं ते मला ठाऊक आहे. मी स्वतः दुसरं वर्ष नापास होऊन दोन वर्षं घरच्या शेतात होतो. परत पुस्तक उघडलं तेव्हा पहिलं पान ओलांडायला आठवडा लागला होता.

याच काळात ते पळायला लागले. बायकोनं, डायननं, सिगारेट सोडण्यासाठी पळायला सुरुवात केली आणि तिच्याबरोबर हेही. मग पळणंच आवडायला लागलं. वजन उतरलं, १०० किलोच्या आसपास आलं. १९७९ साली त्यांनी मॅरेथॉन पूर्ण केली, लीगमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिले. पण त्याआधीच, १९७८च्या हंगामाच्या मध्यात, व्हायकिंग्जनी त्यांना काढून टाकलं होतं. हलका झालास, आता या जागेला उपयोगाचा नाहीस. शिकागो बेअर्सनी त्यांना उचललं, नियमाप्रमाणे लागणारे १०० डॉलर भरून. सात वर्षांपूर्वी लीगमधला सर्वांत मोलाचा ठरलेला माणूस शंभर डॉलरला गेला. आणि त्या हलक्या अंगानं शिकागोत आणखी तीनेक वर्षं सॅक काढत राहिला. पंधरा हंगामांत सलग २१८ सामने, एकही न चुकवता.

आता करंगळी. खेळताना ती पुन्हा पुन्हा निखळली, आणि शेवटी तशीच राहिली, हाताशी काटकोन करून बाहेर वळलेली. ते शाळांमध्ये मुलांना भेटायला जातात तेव्हा मुलांचं लक्ष आधी तिकडे जातं.

आमच्या कबड्डीच्या संघात उजव्या बाजूला एक गडी होता. त्याच्याइतका ताकदवान मध्यरक्षक आमच्या विद्यापीठात त्या वेळी नव्हता. त्यानं धरलं की माणूस सुटत नसे. कॉलेजला तो हवा होता, म्हणून दर वर्षी तो वर चढत गेला. पेपर कोण लिहायचं, गुण कसे पडायचे, ते सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. शेवटच्या वर्षी खेळाडूंच्या जागेवर त्याला नोकरी लागली. नेमणुकीचं पत्र घेऊन तो संध्याकाळी माझ्या खोलीवर आला आणि म्हणाला, "जरा वाच की, काय लिवलंय ते." मला वाटलं इंग्रजीत असेल. पत्र मराठीत होतं.

मी वाचून दाखवलं. कुठल्या तारखेला, कुठं हजर व्हायचं, कोणते दाखले आणायचे. त्यानं सगळं तोंडपाठ केलं आणि गेला. आम्ही पाच वर्षं एकाच ताटात जेवलो होतो. पुढं त्याचा गुडघा गेला, खेळाडू म्हणून काही उपयोग राहिला नाही, आणि कचेरीत कागदाचं काम द्यायला लागल्यावर त्यानं स्वतःच नोकरी सोडली. लोक म्हणाले, दारू. दारू नंतर आली. आधी काय झालं ते मला माहीत होतं, आणि मी पुढची तीस वर्षं ते कुणाला सांगितलं नाही.

म्हणून १९८८चं ते भाषण वाचताना मला लॅपटॉप बाजूला ठेवावा लागला. हॉल ऑफ फेममध्ये घेतात तेव्हा खेळाडूची ओळख करून द्यायला कुणाला तरी बोलवायचं असतं. बहुतेक जण आपला प्रशिक्षक नाहीतर जुना सहकारी बोलावतात. पेज यांनी बोलावलं विलरीन बीझली यांना, मिनियापोलिसच्या नॉर्थ हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. आणि ज्या इमारतीच्या बांधकामावर पोरवयात राबले, तिच्या पायऱ्यांवर उभं राहून ते खेळाबद्दल जवळजवळ बोललेच नाहीत. त्यांनी व्हायकिंग्जच्या एका बैठकीची हकिगत सांगितली. फळीतले खेळाडू बसले होते, प्रशिक्षकांनी डावपेचांची वही मोठ्यानं वाचायला सांगितली. काहींनी सहज वाचली. काही अडखळले. आणि काहींना वाचताच आली नाही. हे सगळे शाळा करून, कॉलेजं करून आलेले, अमेरिकेतले सर्वोत्तम खेळाडू. ते म्हणाले त्याचा मथितार्थ असा, की खेळातलं यश फार तर एक बंद दार उघडून देतं, पण शिक्षणाची तयारी नसलेल्याच्या तोंडावर ते दार लगेच आपटतं.

त्या खोलीत त्यांना काय दिसलं असेल ते मी पाहिलं आहे. फरक एवढाच की त्यांनी ते सगळ्या देशासमोर सांगितलं. त्याच वर्षी त्यांनी आणि डायन यांनी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं. गरजू मुलांना पुढच्या शिक्षणासाठी पैसे, पण एका अटीवर. पैसे घेणाऱ्यानं लहान वर्गातल्या मुलांना शिकवायला वेळ द्यायचा. आतापर्यंत हजारो विद्यार्थी त्यातून शिकले. मला त्या अटीचं महत्त्व पैशापेक्षा जास्त वाटतं. पहिली-दुसरीतल्या पोराशेजारी आपल्यासारखाच दिसणारा कॉलेजातला दादा पुस्तक उघडून बसतो. आमच्या मध्यरक्षकाशेजारी असं कुणी बसलं नाही. मी बसू शकलो असतो.

न्यायमूर्ती होण्याची गोष्ट वकिलांना आवडेल अशी आहे. मिनेसोटात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मतदानानं निवडतात, पण प्रत्यक्षात जागा रिकामी झाली की बहुधा राज्यपालच नेमणूक करतात. पेज तेव्हा राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात काम करत होते. १९९२ साली एक जागा निवडणुकीला आली, आणि राज्यपालांनी त्या जागेवरच्या न्यायमूर्तींची मुदत वाढवून निवडणूकच पुढं ढकलली. पेज कोर्टात गेले. प्रश्न त्याच न्यायालयाच्या खुर्चीचा, म्हणून तिथले न्यायमूर्ती बाजूला झाले आणि बदली न्यायाधीशांच्या पीठानं सुनावणी केली. पेज जिंकले, निवडणूक झाली, तीही जिंकली. १९९३च्या जानेवारीत शपथ घेतली. त्या न्यायालयात बसलेले ते पहिले काळे न्यायमूर्ती. सत्तराव्या वर्षी निवृत्त व्हावंच लागतं, म्हणून २०१५ साली उतरले. काळ्या झग्याच्या आत गळ्याशी बो टाय, आणि कठड्यावर ठेवलेला तो डावा हात. २०१८ साली त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मिळालं. डायन त्याच्या काही आठवडे आधी गेल्या होत्या.

नातीच्या शाळेला हे नाव मिळालं २०१७ साली. आधी अलेक्झांडर रॅमसी यांचं होतं. मिनेसोटाचे राज्यपाल असताना, १८६२ साली, इथले मूळ रहिवासी असलेल्या डकोटा लोकांना राज्यातून नाहीसं करा नाहीतर हाकलून द्या, असं त्यांनी जाहीर केलं होतं. शाळेतल्या मुलांनीच हा इतिहास वाचला, नाव बदलायची मागणी केली आणि नवं नाव सुचवलं. बारा-तेरा वर्षांची मुलं. नात हे सांगताना इतकी ताठ उभी राहते, जणू तीच त्या सभेला होती. ती तेव्हा बालवाडीतही नव्हती.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं तेव्हा मी जवळच्या वाचनालयात विचारून आलो. शाळा सुटल्यावर लहान मुलांचं वाचन घ्यायला तिथं माणसं लागतात. माझं इंग्रजी कोर्टातलं, उच्चार इथल्या कानाला वेगळे. बाई म्हणाल्या, चालेल, ऐकणारं कुणीतरी शेजारी बसलेलं हवं. आता मंगळवार-गुरुवार जातो. सोमालियातून आलेल्या घरातला एक सात वर्षांचा मुलगा माझ्या वाट्याला आला आहे. शब्दावर बोट ठेवून वाचतो, अडला की बोट तिथंच दाबून धरतो आणि माझ्याकडे बघतो. मी सांगत नाही लगेच. थांबतो.

ऑक्टोबरात इथं मॅरेथॉन असते, मिनियापोलिसहून सेंट पॉलपर्यंत. पेज शाळेच्या बँडमध्ये वाजवायचे, आणि अनेक वर्षं ते या शर्यतीच्या दिवशी घराजवळ रस्त्याच्या कडेला उभे राहून पळणाऱ्यांसाठी सूझाफोन वाजवत आले आहेत. अंगाभोवती गुंडाळलेलं ते भलं मोठं पितळी वाद्य. ऐंशी उलटलेल्या माणसाला यंदा ते पेलेल का, कोण जाणे. लेकीनं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं काढलं आहे. नात म्हणते, त्या दिवशी सकाळी सातला निघायला हवं, म्हणजे पुढं उभं राहायला जागा मिळेल.